चटका लागलाच नाही

‘मॅडम, आत बसवलेली पिशवी सडते काय जी? कातडं लाल पडलं, टणक झालं, खाजते. काढून टाकू काय?’

आर्वीकडच्या या ताई चाळिशीच्या आतल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे नागपुरात एक स्तन काढला, त्याच जागी इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या आकाराची कृत्रिम पिशवी, बसवलं, पुढे रेडिएशन झालं. गावात हे फक्त नवऱ्याला आणि सासूला ठाऊक. कापूस वेचायला बायांसोबत गेलं की ओटी बांधतानासुद्धा या पाठ फिरवून उभ्या राहायच्या.

पहिल्या भेटीत मी चूक केली. ‘घाबरू नका, काही नसेल,’ असं म्हटलं आणि त्या गप्पच झाल्या. न पाहताच धीर दिला की बाईला तो हाकलून लावल्यासारखा वाटतो, हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी सरळ विचारलं, ‘त्या जागेवर आजवर काय काय लावलंत?’

मग एकेक बाहेर आलं. छातीखालच्या घडीत खाज सुटली ती मे महिन्यात. त्या उन्हात, घामात आमच्याकडे गजकर्ण घरोघर असतं. मेडिकलमधून ट्यूब आणली. चार दिवस बरं वाटलं, मग चट्टे दुप्पट पसरले. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. खाज दबते, बुरशी आतून वाढत राहते. आणि मधोमध एक मोठा फोड होता, तो वेगळाच.

‘सासूबाई विटेनं शेकत होत्या. दवाखान्यातबी शेकच देल्ले होते ना!’

रेडिएशनलाही शेक म्हणायचं आणि तापलेल्या विटेलाही. घोळ शब्दाचा होता. स्तन काढताना त्वचेकडे जाणाऱ्या नसा तुटतात, त्यामुळे वरची कातडी बधिर होते. त्यांना चटका लागलाच नाही. कातडी भाजली आणि कळलं ते कपड्याला पाणी लागल्यावर.

टणकपणाचं कारण निराळं. बाहेरची कुठलीही वस्तू बसवली की शरीर तिच्याभोवती पातळ पडदा विणतं. तो कुणाकुणाचा आवळतो, आणि रेडिएशन झालं असेल तर जास्तच. कातडी काळवंडून चामट होणं हेही रेडिएशनचंच. यात सडण्यासारखं काही नाही. फार दुखायला लागलं किंवा आकार बिघडला तर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

डॉक्टरांनी तपासलं. सोनोग्राफीत पिशवी शाबूत होती, भोवती पाणी नव्हतं. तरी ‘आता निर्धास्त राहा’ असं मी म्हटलं नाही. तापासोबत लाली आणि गरमपणा, टाक्याच्या जागेतून स्राव, नवी गाठ किंवा ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर एकाएकी आलेली सूज, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. कारण क्वचित, अगदी क्वचित, त्या पडद्यात एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, होतो. तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आढळला. 2019 मध्ये एका कंपनीचे असे इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि पडदा पूर्ण काढल्यावर बहुतेकींचं भागतं. त्रास नसताना मात्र नुसत्या भीतीपोटी काढायला सांगत नाहीत.

थकव्याचं आणि सांधेदुखीचंही त्यांनी विचारलं. ते इम्प्लांटमुळेच आहे हे ठरवणारी तपासणी नाही, पण काही बायकांना इम्प्लांट काढल्यावर बरं वाटतं. म्हणून ‘मनाचे खेळ’ म्हणून मी उडवून लावत नाही. आधी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आठच निघालं, म्हणजे बरंच कमी.

‘तुमचं गुळगुळीत की खरखरीत?’ या प्रश्नावर मात्र त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ऑपरेशननंतर दिलेलं कार्ड आठवड्याने सापडलं, सातबाऱ्याच्या फायलीत. गुळगुळीत होतं. मी त्यांच्याच मोबाईलवर त्याचा फोटो काढून दिला.

त्या दिवशी सासूबाईही सोबत होत्या. बाकावर पदर तोंडाला लावून बसलेल्या. ‘वीट मीच तापवली जी. सुनेले बरं वाटावं म्हून.’

मी जवळ बसले, बधिरपणाचं पुन्हा सांगितलं. त्यांनी सुनेचा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘माह्या गुडघ्याले चालते ना थे वीट?’