विचारा तर खरं : अष्टादश आणि अष्टभुजा

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगी केमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय. मला वाटत होतं, पास झाली की महापे-रबाळ्यात एखाद्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात, लागेल. आता म्हणते, लॅब नको, रसायनांची माहिती संगणकावर लावायचं काम करायचंय. खोदून विचारलं तर नावं, सूत्रं, रचना यांच्या सूची! मी म्हटलं, हे तर कारकुनी काम झालं. यात कुणी नाव काढलंय का? (एक वडील, ऐरोली)

उत्तर : काढलंय. पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे तुमच्या 'कारकुनी' या शब्दाचा मला राग का आला ते कळेल.

१९८५ साली मी तुर्भ्याच्या एका छोट्या औषध कंपनीत ग्रंथपाल होते. ग्रंथालय म्हणजे दोन गोदरेजची कपाटं आणि मी. साहेबांना पॅरासिटामॉलवरचे सगळे जुने-नवे संदर्भ हवे होते. 'केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स', म्हणजे जगभरच्या रसायनविषयक लेखांचे सारांश आणि सूची, त्याचे खंड घ्यायची आमची ऐपत नव्हती, आणि वाशीला तेव्हा रेल्वेही नव्हती. बसने खाडीपूल ओलांडून सायन, तिथून माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था. साहेबांनी शास्त्रीय नाव चिठ्ठीवर लिहून दिलेलं : अॅसेटॅनिलाइड, स्वल्पविराम, ४-हायड्रॉक्सी. विटेएवढे जाड खंड उतरवत मी दिवस घालवला. जुन्या खंडांत भरपूर सापडलं. १९७२ नंतरच्या खंडांत चकार शब्द नाही. मी परत येऊन साहेबांना बेधडक सांगितलं, अलीकडे यावर कुणी काही लिहिलेलंच नाही! ते नुसते हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं.

तिथे शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना माझी दया आली. "अहो बाई, बहात्तरपासून त्यांनी नावं बदलली. आता हे अॅसेटामाइडखाली मिळेल. नावाच्या नादी लागू नका, सूत्राची सूची काढा." कार्बन ८, हायड्रोजन ९, नायट्रोजन १, ऑक्सिजन २. त्या सूत्राखाली बरीच नावं होती, त्यांत आमचं रसायन नव्या नावाने निवांत बसलेलं.

आता मला सांगा, ती सूत्राची सूची कुणी तरी केलीच असणार ना? नाव वाचायचं, कागदावर रचना काढायची, एकेक अणू मोजायचा, मग सूत्र लिहायचं. हे हजारो रसायनांसाठी, पगारी रसायनज्ञांनी, हाताने. 'हे यंत्राला का जमू नये?' या प्रश्नावर ज्यांनी पीएच.डी. केली त्यांचं नाव यूजीन गारफिल्ड.

जन्म १९२५, न्यूयॉर्कचं ब्राँक्स. १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी. प्रयोगशाळेत ते फार टिकले नाहीत (तुमच्या मुलीला हे वाक्य आवडेल). १९५१ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समधल्या एका प्रकल्पावर गेले. वैद्यकीय लेखांची सूची यंत्रावर कशी करता येईल, हा तिथला विषय. मग १९५४ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पदवी. आणि १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी., तीही रसायनशास्त्रात नव्हे, भाषाशास्त्रात! प्रबंधाचा विषय मात्र रसायनांच्या नावांवरून रेणुसूत्र काढायची रीत.

त्यांनी केलं काय, तर आपण शाळेत समासाचा विग्रह करायचो, तसा नावाचा विग्रह. 'ब्यूटाडायीन' घ्या. 'ब्यूट' म्हणजे कार्बन चार. 'डाय' म्हणजे दोन. 'ईन' म्हणजे दुहेरी बंध. झालं! हायड्रोजन किती, तर कार्बनची दुप्पट अधिक दोन, त्यातून दुहेरी बंधांची दुप्पट वजा : दहातून चार गेले, सहा उरले. सूत्र तयार, रचना काढावीच लागली नाही.

इतकं सोपं असतं तर प्रबंध कशाला लागला असता? गंमत पुढे आहे, ती माझ्या उदाहरणाने सांगते. 'ऑक्टाडेकेन' मध्ये 'ऑक्टा' आठ आणि 'डेक' दहा. इथे बेरीज करायची, कार्बन अठरा. पण 'ऑक्टाडायीन' मध्ये 'ऑक्टा' आठ आणि 'डाय' दोन म्हणून दहा कार्बन धरलेत तर फसलात! तिथे आठ हे कार्बन, आणि दोन हे पुढच्या दुहेरी बंधांचे. आपल्याला हे नवीन नाही. अष्टादश म्हणजे आठ आणि दहा, पण अष्टभुजा म्हणजे आठ हातांची. तोच 'अष्ट', एकदा बेरजेला, एकदा मोजणीला. देवीला अठरा हात आहेत असं आपण चुकूनही वाचत नाही, कारण कानाला सवय आहे. यंत्राला कान नाही. त्याला नियम द्यावा लागतो, आणि नियम द्यायला रसायन आणि व्याकरण दोन्ही यावं लागतं. गारफिल्डांची ती रीत वलयं नसलेल्या, साखळीच्या संयुगांपुरतीच होती, पण वाट दिसली.

१९६० मध्ये त्यांनी 'इंडेक्स केमिकस' सुरू केलं : नव्याने बनलेल्या संयुगांची बातमी, रचनाचित्रांसह. त्यांच्या धंद्याची सुरुवात न्यू जर्सीत कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात झाली होती. 'सायन्स सायटेशन इंडेक्स', म्हणजे कुठल्या लेखाचा उल्लेख पुढे कुणी केला याची सूची, १९६४ चं. त्यांचं नाव जगाला माहीत आहे ते त्यामुळे. प्राध्यापकांच्या बढत्या ज्यावर अडतात तो इम्पॅक्ट फॅक्टर (मासिकातल्या लेखांचा सरासरी किती उल्लेख होतो त्याचं माप) हीही त्यांचीच देणगी, आणि माझ्या मते त्या पसाऱ्यात त्यांचं रसायनातलं काम उगाच झाकलं गेलं. २०१७ मध्ये ते वारले.

आमच्या तुर्भ्याच्या कपाटात त्यांचं 'करंट कंटेंट्स' यायचं, पातळ कागदाचं, पर्समध्ये मावेल एवढं. त्यात नुसत्या मासिकांच्या अनुक्रमणिका आणि शेवटी लेखकांचे पत्ते. साहेब पेन्सिलने खुणा करायचे, मी पोस्टकार्डं लिहायची : 'आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी.' दीड-दोन महिन्यांनी परदेशातून लिफाफे यायचे. तिकिटांसाठी अख्खा स्टाफ टपलेला.

तेव्हा मुलीला अडवू नका. आजची तिची अक्षरओळख म्हणजे स्माइल्स, ही डेव्हिड वायनिंगर यांनी १९८८ मध्ये मांडलेली, रेणू एका ओळीत लिहायची पद्धत. जोडीला पायथॉन ही संगणकभाषा आणि रेणूंवर काम करायचं आरडीकिट हे सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आहेत. फक्त नामकरणाचे नियम पाठ करायचा तिला कंटाळा असेल, तर तुमचं क्यूसीचं स्वप्न अजून जिवंत आहे असं समजा.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीत गोडाऊनला आहे. अॅसिटोनच्या ड्रमवर नेहमी ६७-६४-१ हा नंबर असतो. परवाच्या खेपेत ६७-६४-७ आलाय. सोबतचा म्हणतो, वेगळी ग्रेड असेल. खरं का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : नाही. हा कॅस नंबर, वर आलेल्या 'केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स'वाल्यांचा. अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबस इथे १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला असा एक नंबर देतात. ग्रेड बदलली तरी तो बदलत नाही, आणि त्यावरून रसायनाचं काही कळतही नाही. शेवटचा आकडा मात्र राखणदार आहे. तो सोडून बाकीचे उजवीकडून घ्या आणि क्रमाने एक, दोन, तीन, चारने गुणा : ४ एके ४, ६ दुणे १२, ७ त्रिक २१, ६ चोक २४. बेरीज ६१. तिचा शेवटचा आकडा १, म्हणून ६७-६४-१. ६७-६४ च्या पुढे ७ असलेला नंबर असूच शकत नाही. छापताना १ चा ७ झाला असेल, पण ज्यांनी नंबर चुकवला त्यांनी आत काय भरलंय ते लेबलवरून ठरवू नका. खेप बाजूला काढा, सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) मागवा आणि क्यूसीकडून नमुना पास होईपर्यंत एकही ड्रम उघडायला देऊ नका.