कांचनजुंगा सिक्कीममधून बघायचं, चढायचं नेपाळमधून

तुमचा प्रश्न असा की, एजंट सिक्कीममधल्या युकसोम गावाहून 'कांचनजुंगा बेस कॅम्प' ट्रेक विकतोय, तो खरंच पायथ्याशी नेतो का? आणि पुढेमागे शिखर चढायचं ठरवलं तर हीच वाट का?

दोन्हींचं उत्तर नाही. पहिल्या खेपेला मीही असाच फसलो होतो. युकसोमला उतरल्यावर कळलं की आपण चाललोय गोएचा ला या खिंडीच्या व्ह्यू पॉइंटला. खरे बेस कॅम्प दोन, उत्तरेला पांगपेमा आणि दक्षिणेला यालुंग हिमनदीच्या बाजूचा. दोन्ही नेपाळात. ताप्लेजुंगहून दोन्ही करायचे तर तीनेक आठवडे काढून ठेवा, आणि परमिट-गाईडशिवाय तिकडे सोडत नाहीत.

शिखर ८५८६ मीटर, बरोबर हद्दीवर. १९५५ साली जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक नेपाळकडून चढले, पण सिक्कीमच्या राजाला शब्द दिला होता म्हणून माथ्याच्या काही फूट अलीकडेच थांबले. सिक्कीमी लोकांसाठी तो डोंगर म्हणजे राखणदार देव. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली आपलं सैन्य सिक्कीमकडून ईशान्येच्या धारेने वर गेलं. आता ते विसरा, २००१ पासून सिक्कीम सरकारने पवित्र शिखरांवर चढाईला बंदी घातली आहे. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण २०१९ ला माथ्यावर पोचले तेही नेपाळमार्गेच.

म्हणून युकसोमचा ट्रेक वाईट आहे असं मुळीच नाही. नाव खोटं आहे, एवढंच. झोंगरी, थानसिंग करत लामुनेला मुक्काम, मग रात्री दोन-अडीचला हेडटॉर्च लावून निघायचं. समिती तलाव अंधारात कधी मागे पडतो कळतही नाही. वर पताकांपाशी बसलो तेव्हा दरीत मिट्ट काळोख होता. आधी फक्त कांचनजुंगाच्या टोकावर केशरी ठिपका उमटला, मग तो सावकाश खाली ओघळू लागला. शेजारचं पांडिम शिखर मात्र अजून राखाडीच. आठ-साडेआठला ढगांनी पडदा टाकला, खेळ संपला.

ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा, एप्रिल-मेमध्ये हवा कमी खात्रीची. आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. माझी नेमकी तो ठिपका ओघळताना गार पडली.