फुलवालीला विचारा: नऊ गुलाबांची पेटी

प्रश्न: आम्ही रत्नागिरीला खाडीच्या बाजूला राहतो. येत्या जूनमध्ये लग्नाला पंचवीस वर्षं होतील. लेक मुंबईहून 'प्रिझर्व्ह्ड' गुलाबांची काचेची पेटी पाठवणार म्हणते. नऊ गुलाब, 5,400 रुपये. तीन वर्षं टिकतात, पाणी घालावं लागत नाही, असं दुकानदार सांगतो. मला वाटतं, तेवढ्यात वर्षभर ताजी फुलं येतील. सासूबाईंचं म्हणणं, सुकलेली फुलं घरात ठेवू नयेत. दिवाणखान्यात खिडकीशी टिपॉय आहे, त्यावर काय ठेवू?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: आधी हिशेब करू, कारण तो दुकानदाराच्या बाजूने आहे. तीन वर्षं टिकली तर पेटी महिन्याला दीडशे रुपयांना पडते. तेच 5,400 वर्षाच्या 52 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला शंभरेक रुपये येतात. सणवार सोडले तर त्यात निशिगंधाच्या काड्या किंवा शेवंती मिळते, पण एकच वर्ष. म्हणजे कागदावर पेटी स्वस्त. अडचण त्या 'टिकली तर'मध्ये आहे.

ही फुलं नुसती वाळवलेली नसतात. पूर्ण उमललेलं फूल अल्कोहोलमध्ये बुडवून त्यातलं पाणी आणि मूळचा रंग काढून टाकतात, मग ग्लिसरीन आणि वरचा रंग पाजतात. म्हणून पाकळी हाताला मऊ लागते, वास मात्र गेलेला असतो. आता थंडीत आपण ओठांना ग्लिसरीन का लावतो? ते हवेतला ओलावा ओढून धरतं म्हणून. पाकळीतलं ग्लिसरीनही तेच करतं. तुमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की डब्यातलं मीठ ओलं होतं. तिथे हे गुलाब चार महिने ओलावा पीतच राहणार.

पुण्यात माझं फुलांचं दुकान होतं, सव्वीस वर्षं चालवलं. पुण्याची हवा ती काय दमट! तरी एका जुलैत काउंटरवर हौसेने ठेवलेला असाच प्रिझर्व्ह्ड गुलाबी हायड्रेंजिया (गुच्छाचं फूल) आठवडाभराच्या झडीत तेल लागलेल्या कागदासारखा पारदर्शक झाला. खालच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर गुलाबी डाग पडले, ते आजतागायत निघालेले नाहीत. काचेच्या पेटीने धूळ अडते, दमट हवा नाही. शिवाय तुमचा टिपॉय खिडकीशी, म्हणजे उन्हाळ्यात रंग उडणार तो वेगळाच.

तेव्हा लेकीला नको म्हणू नका, तारीख बदलायला सांगा. पेटी डिसेंबरात येऊ दे. खिडकीपासून लांब ठेवा. पावसाळा तोंडावर आला की चपलांच्या खोक्यात निघतात ना त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि घट्ट दाराच्या काचेच्या कपाटात ठेवून द्या. पाकळ्या एकमेकींना किंवा भिंतीला दाबून ठेवायच्या नाहीत, रंग लागतो. पाण्याचा थेंबही नको. तरी तीन वर्षांची आशा धरू नका.

आणखी एक, हे कुठलाच विक्रेता सांगत नाही. न बदलणारी वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते. आमच्या पॅसेजमध्ये अशीच एक पेटी दीड वर्ष होती. एकदा यजमानांना विचारलं, त्यातली फुलं कुठल्या रंगाची आहेत हो? म्हणाले, "कुठली फुलं?" रोज चार वेळा तिथूनच जायचे.

सासूबाईंशी मी निम्मी सहमत आहे. वास घेतलेलं फूलसुद्धा आपण देवाला वाहत नाही, तर ही रंगवलेली फुलं देवघरात नकोतच. दिवाणखान्यात मात्र तिला फूल म्हणूच नका. लाकडी घोडा ठेवतो तशी शोभेची वस्तू. एसी केबिनमध्ये, सतत फिरतीवर असणाऱ्यांच्या घरी, परागकणांनी शिंका येणाऱ्यांकडे ती शोभतेही. खाडीकाठच्या उघड्या खिडकीत नाही.

आता त्या टिपॉयचं. जूनमध्ये तुमच्याकडे परसात काय काय असतं, ते आठवा. अनंत फुलायला लागलेला असतो. त्याची दोनच फुलं पसरट वाटीत ठेवली तरी खोली भरते. हेलिकोनियाच्या दोन काड्या आणि क्रोटनची पानं उंच बरणीत आठवडाभर सहज राहतात. अँथुरियम विकत घ्या, महाग वाटतं पण दोन आठवडे हलत नाही. निशिगंध घेतलात तर खालच्या कळ्या आधी उमलतात, त्या मलूल झाल्या की खुडत जा, वरच्या उमलत राहतात. पाणी दिवसाआड बदला, बुडणारी पानं आधीच काढून टाका. आणि आंब्याची अढी त्या खोलीत असेल तर कार्नेशन तिथे अजिबात नको. पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू निघतो, त्याने कार्नेशन मिटून जातात. रत्नागिरीकरांना हे सांगावं लागतंय म्हणजे कमालच, पण दुकानात अशा तक्रारी दरवर्षी यायच्या.

प्रश्न: मार्केट यार्डातून आणलेले जर्बेरा दुसऱ्याच दिवशी माना टाकतात. फुलं शिळी मिळतात का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: शिळी असतीलही, पण आधी फ्लॉवरपॉटमध्ये पाणी किती घालता ते बघा. गळ्यापर्यंत भरत असाल तर चूक तुमची. जर्बेराचा लुसलुशीत, लव असलेला देठ पाण्यात सडतो. दोन-तीन इंच पाणी पुरे, रोज बदला आणि खालून बोटभर देठ धारदार सुरीने तिरका कापा. मान सावरायला देठाला प्लास्टिकची नळी लावलेली असते, ती काढायची घाई करू नका. गड्डी घेताना पाकळ्या बघू नका, मधला गाभा बघा. बाहेरच्या एक-दोन ओळींतच पिवळे पराग दिसत असतील तर घ्या. सगळा गाभा पिवळा पिठूळ झाला असेल तर भाव कितीही उतरवून दिला तरी तिथेच ठेवा.