'नोआ' म्हणजे 'नोहा'चं स्त्रीरूप का?

प्रश्न : मुलीचं नाव 'नोआ' ठेवायचं आहे. हे बायबलमधल्या जहाजवाल्या नोहाच्या नावाचं स्त्रीरूप असून अर्थ 'विसावा', असं एका यादीत वाचलं. खरं आहे का? हिब्रूत कोरून घ्यायचं तर कसं लिहावं?

उत्तर : नाही, ही दोन वेगळी नावं आहेत. रोमन लिपीत ती सारखी दिसतात, तिथेच घोळ होतो. हिब्रूत नोहा दोन अक्षरी : नून आणि खेत, उच्चार 'नोआख', धातू विसावण्याचा. नोआ तीन अक्षरी : नून, आयिन, 'हे'. धातू 'नूआ', म्हणजे हलणं, डोलणं. अर्थ जवळजवळ उलटाच!

हा धातू कसा वापरतात ते पाहा. बायबलच्या 'पहिले शमुवेल' या पुस्तकात (१:१३) हन्ना नावाची स्त्री मनातल्या मनात प्रार्थना करते, आवाज नाही, नुसते ओठ हलतात. त्या हलण्याला शब्द आहे 'नाओत', याच धातूचा. बायबलच्याच 'आमोस' या पुस्तकात (९:९) चाळणीत चाळण्यालाही हाच धातू. म्हणून याद्यांमधला 'चंचल' हा अर्थ आम्हाला पटत नाही, 'गती' म्हणा.

बायबलमधली मूळची नोआ तर फार खंबीर. सलाफहादच्या पाच मुली : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात वारला, भाऊ नाही. पाचही जणी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी इस्राएली लोकांचा नेता मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाच्या वाट्याची जमीन मागितली ('गणना' हे पुस्तक, अध्याय २७). निकाल त्यांच्या बाजूने लागला : मुलगा नसेल तर वारसा मुलीला. जमीन वंशाबाहेर जाऊ नये म्हणून बापाच्याच वंशात लग्न करण्याची अट मात्र पुढे, ३६व्या अध्यायात आली.

आता कोरण्याचं. बायबलमधली तीन अक्षरं स्वरचिन्हांशिवाय लिहिली तर कुणी 'नाआ', म्हणजे 'हलणारी', असंही वाचेल. त्यापेक्षा मधे 'ओ' दाखवणारं 'वाव' हे अक्षर घालून चार अक्षरं घ्या : नून, 'वाव', आयिन, 'हे'. इस्राएलमध्ये हेही लेखन रूढ आहे. उच्चारात जोर 'नो'वर. शेवटचा 'हे' मुका, म्हणून मराठीत 'नोहा' लिहू नका. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते. काही सॉफ्टवेअर अक्षरांचा क्रम उलटा करतात, आणि लिपी न जाणणाऱ्या कारागिराला ते कळत नाही. नमुना हातात आला की नून (נ) शोधा. तो उजव्या टोकाला हवा. शब्दाच्या शेवटी येणारा नून (ן) सरळ खाली उतरतो. तेव्हा डाव्या टोकाला आखूड, तळाशी वळलेला नून दिसला, तर शब्द उलटा पडला आहे.