वाचक विचारतात : सेल लाइनच्या कामाला लागताना

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे टिश्यू इंजिनीअरिंग घ्यावं की सेल लाइन डेव्हलपमेंट? आत्तापासून काय शिकून ठेवू?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : टिश्यू इंजिनीअरिंगमध्ये सच्छिद्र स्कॅफोल्डवर, म्हणजे आधार देणाऱ्या सांगाड्यावर, पेशी वाढवतात. तिथली मोठी अडचण ऑक्सिजनची. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपलीकडे तो पुरेसा पोचत नाही आणि जाड तुकड्याच्या मधल्या पेशी मरतात. पॉलिमर आणि मेकॅनिक्सची आवड असेल तरच इकडे वळा. स्वतंत्र संशोधन करायचं तर पीएच.डी. धरूनच चाला.

एम.एस्सी.नंतर लगेच नोकरी हवी असेल, तर सेल लाइनचा, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींचा, विचार आधी करा. बायोफार्मा कंपन्यांत सीएचओ (चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या) पेशींमध्ये अँटिबॉडीचा जीन घालतात आणि एकाच पेशीपासून वाढलेला क्लोन निवडतात. हे 'एकाच पेशीपासून' सिद्ध करणं हाच कामाचा गाभा. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये दर खान्यात सरासरी ०.५ पेशी पडेल इतकं पातळ केलं, तर पॉयसनच्या संभाव्यतेच्या गणिताने सुमारे ५८ खाने रिकामे राहतात, २९ मध्ये एकच पेशी पडते आणि ९ मध्ये एकापेक्षा जास्त. म्हणजे वाढ दिसणाऱ्या खान्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा भेसळीचा! म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक खान्याचा फोटो घेतात किंवा क्लोनिंग पुन्हा करतात. मुलाखतीत हा हिशेब कागदावर मांडता आला पाहिजे. शिवाय चांगला क्लोनही काही आठवड्यांत उत्पादन कमी करू शकतो, कारण जीनच्या प्रती गळतात किंवा मिथायलेशनने (डीएनएवर रासायनिक खूण बसून) प्रमोटर, म्हणजे जीन सुरू करणारा भाग, बंद पडतो. त्यामुळे सुरुवातीला सर्वांत जास्त प्रथिन देणाऱ्या एकाच क्लोनवर भिस्त ठेवू नका.

आत्ता हाताला वळण लावा ते निर्जंतुक कामाचं, पेशी मोजण्याचं आणि पॅसेज नंबर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये कितव्यांदा हलवल्या तो आकडा) न चुकता लिहिण्याचं.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पेशी फार हळू वाढतात. मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, स्वच्छ दिसतं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं असतं, पेनिसिलिनही घालतो. मग चुकतंय कुठे?
– एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : पहिला संशय मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा घ्या. त्याला पेशीभित्ती नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. आकार इतका बारीक आणि लवचिक की तो फिल्टरमधूनही निसटतो. मीडियम गढूळ होत नाही, म्हणून महिनोन्महिने पत्ता लागत नाही. पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) करा, किंवा डीएनएला चिकटून चमकणारा होएक्स्ट रंग देऊन पाहा. केंद्रकाबाहेर बारीक चमकते ठिपके दिसले, तर लागण जवळपास नक्की समजा.

लागलेले फ्लास्क वाचवत बसू नका. ऑटोक्लेव्ह करून टाका, इन्क्युबेटर आणि हूड (निर्जंतुक हवेत काम करायची पेटी) पुसून काढा, उघडलेलं मीडियम फेकून द्या. गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल (कुपी) पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येईल. ती ३७ अंशाच्या पाण्यात धरा, बर्फाचा छोटा खडा उरला की लगेच काढा आणि १० मिली मीडियममध्ये थेंबथेंब सोडा. सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी बलावर ५ मिनिटं फिरवून वरचं डीएमएसओ (गोठवताना पेशींना जपणारं रसायन) असलेलं द्रव काढा. तपासणी होईपर्यंत या पेशी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. तो नसेल तर बाकीच्या पेशींचं काम आधी उरका आणि यांना शेवटी हात लावा.