पासवर्डची वही मुलीला पुरेल का?

प्रश्न : माझे वय ६८ आहे. कुटुंबाचे हजारो फोटो गूगलच्या खात्यात आहेत, फोन अ‍ॅपलचा आहे आणि थोडे बिटकॉइनही घेऊन ठेवले आहेत. सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ती वही मुलीला दाखवली आहे. माझ्यानंतर तिला एवढे पुरेल का, की पासवर्ड मृत्युपत्रातच लिहावेत?

उत्तर : मृत्युपत्रात पासवर्ड मुळीच लिहू नयेत. मृत्युपत्र अनेकांच्या हातांतून जाते, कित्येक देशांत तर न्यायालयीन प्रक्रियेनंतर ते कोणालाही पाहता येते. शिवाय पासवर्ड बदलला की दस्तऐवज कालबाह्य. त्यात कोणती खाती आहेत आणि ती कोणाला मिळावीत, एवढेच असावे.

वही हवीच, पण ती एकटी पुरणार नाही. आज बहुतेक खाती पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड मागतात. माणूस गेल्यावर घरचे भाबडेपणाने पहिल्यांदा त्याचा मोबाइल क्रमांकच बंद करतात आणि त्याबरोबर अर्धी दारे बंद होतात. म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत फोनचा पासकोड लिहा आणि क्रमांक काही महिने चालू ठेवण्यास मुलीला सांगून ठेवा.

पासवर्ड हाती असला तरी दुसऱ्याच्या खात्यात शिरणे अनेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. त्यापेक्षा त्यांनीच दिलेली सोय वापरावी. गूगलमध्ये २०१३ पासून ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खाते ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या, जास्तीत जास्त १० व्यक्तींना कळवले जाते आणि आपण निवडलेली माहिती त्यांना उतरवून घेता येते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते, हेही लक्षात असू द्या. अ‍ॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे आपल्यानंतर खात्यातली माहिती मिळावी अशी व्यक्ती, नेमता येते. त्या वेळी तयार होणारी प्रवेश-किल्ली आणि मृत्यूचा दाखला सादर केल्यावर त्या व्यक्तीला फोटो, नोंदी वगैरे मिळतात. कीचेनमधले (अ‍ॅपलच्या पासवर्ड साठवण्याच्या सोयीतले) पासवर्ड आणि विकत घेतलेली ई-पुस्तके मात्र मिळत नाहीत. (ई-पुस्तक ‘विकत घेतले’ असे आपण म्हणतो खरे, पण बहुधा हाती आलेला असतो तो फक्त वाचण्याचा परवाना.)

खरी काळजी बिटकॉइनची. ते एखाद्या एक्स्चेंजकडे, म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे असतील, तर वारसाला कागदपत्रे घेऊन निदान कोणाकडे तरी अर्ज करता येतो. ते आपल्याच वॉलेटमध्ये, म्हणजे कोणत्याही कंपनीऐवजी स्वतःच सांभाळलेल्या डिजिटल पाकिटात असतील, तर ज्या १२ किंवा २४ शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे करता येते, तेच सर्वस्व. ते हरवले तर न्यायालयाचा आदेशही उपयोगी पडत नाही, आणि ज्याने ते वाचले त्याला आपल्या परवानगीशिवाय सारी रक्कम हलवता येते. म्हणून हे शब्द सर्वांनी पाहिलेल्या वहीत नकोत, त्यांचा फोटो तर फोनमध्ये मुळीच नको. कागदावर लिहून मोहोरबंद लिफाफ्यात ठेवा आणि वहीत फक्त लिफाफ्याची जागा नोंदवा. लिफाफा बंद करण्यापूर्वी त्या शब्दांवरून दुसऱ्या वॉलेट-उपकरणावर रक्कम दिसते का, ते स्वतः एकदा पाहून घ्या. एक शब्द चुकीचा उतरला असेल, तर तो दुरुस्त करू शकणारे आपणच आहात.