चेंडूवरची नजर थोडी काढ

क्रिकेट बघत बेसबॉलकडे आलायस, म्हणजे नजर चेंडूवरच खिळणार. चुरशीच्या मॅचमध्ये ती मुद्दाम काढायची. सुरुवातीला 2016 च्या वर्ल्ड सीरिजचा (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) सातवा सामना बघ, शिकागो कब्स विरुद्ध क्लीव्हलँड. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडच्या राजाई डेव्हिसने कब्सचा पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) चॅपमन याला होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, ठोकून 6-6 बरोबरी साधली. चॅपमन आधीच्या दोन्ही सामन्यांत भरपूर राबला होता. त्यामुळे पिचर किती दमलाय, ते आधी बघ.

पण मला विचारशील तर खरी गंमत दहाव्या इनिंगमध्ये, पावसाच्या 17 मिनिटांच्या खोळंब्यानंतर. कब्सच्या ब्रायंटचा लांब फटका झेलला गेला, तेव्हा त्याचा साथीदार अल्मोरा पहिल्या बेसवर होता. तू म्हणशील, विकेट पडली, विषय संपला. इथे तसं नाही! झेल होईपर्यंत बेस न सोडलेला धावपटू नंतर पळू शकतो. अल्मोरा तसाच पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर गेला. मग रिझोला मुद्दाम फुकटचा बेस दिला, पुढच्या झोब्रिस्टने डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका) मारला आणि अल्मोरा होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण. शेवटी 8-7, कब्सचं 1908 नंतरचं पहिलं विजेतेपद. तो झेल परत लावशील तेव्हा फक्त अल्मोराचे पाय बघ.